पायाखालची हरळी

खरं तर एवढंच झालं होतं, की श्यामला मागच्या अंगणात कुरडया घालत होती आणि सूर्यकांत तिला चहाचं विचारायला दारात आले होते. एप्रिलमधली दुपार. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं न टाकलं तोच "अगं आई गं" करत ते उडी मारून परत आत आले. फरशी तव्यासारखी तापली होती. सत्तरीला टेकलेल्या आपल्याला अजून उडी मारता येते या गोष्टीचं त्यांना हसू येणार होतं, पण ते आलं नाही, कारण त्याच फरशीवर श्यामला अनवाणी उभी होती. प्लास्टिकच्या कागदावर निम्म्या कुरडया घालून झाल्या होत्या. हातात सोऱ्या धरून ती कंबर सरळ करायला जरा उभी राहिली होती आणि बोलत होती, "इथलं ऊन म्हणजे नुसतं दाखवायला आहे बाप्पा. नागपूरला एका दिवसात कडकडीत वाळल्या असत्या. इथे दोन दोन दिवस लागून राहिले." सूर्यकांतांना तिचं बोलणं ऐकू येत होतं, पण डोळे तिच्या पायांवरून हलत नव्हते. ते पाय हलत नव्हते. एक उचलून दुसऱ्यावर ठेवणं नाही, चवड्यावर होणं नाही, काही नाही. "श्यामला, पाय!" ते ओरडले. "काय झालं पायाला?" म्हणत तिने खाली पाहिलं, दुसऱ्या कुणाचे तरी पाय आपल्या साडीखाली आलेत अशा नजरेने. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळव्यांना टपोरे फोड आले. सोफ्यावर पाय घेऊन बसलेली श्यामला त्या फोडांकडे बघत म्हणाली, "भाजलं म्हणता, आणि मला कोणी सांगितलंच नाही." आणि हसली. सूर्यकांतांना ते हसणं सहन झालं नाही. ते उगाच उठून पंख्याचा वेग वाढवून आले.

साखर तिला कितीतरी वर्षांपासून होती. साखर म्हणजे घरातल्या एखाद्या जुन्या पाहुण्यासारखी, तिचं पथ्यपाणी सांभाळलं की ती काही बोलत नाही, असं दोघांनी धरून चाललं होतं. पाय जड वाटतात, चपला निसटतात आणि कळत नाही, असं ती मधूनमधून म्हणायची. सूर्यकांत म्हणायचे, वय झालं. वय झालं या दोन शब्दांत त्यांनी किती गोष्टी कोंबून ठेवल्या होत्या! नागपूर सोडून ती दोघं ज्याच्याकडे राहायला आली होती त्या ध्रुवने आता सुट्टी काढून आईला दवाखान्यात नेलं. बेळ्ळंदूरच्या त्या चकचकीत दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई सुनेच्या, शाल्मलीच्या वयाच्या असतील. त्यांनी श्यामलाला डोळे मिटायला सांगितलं आणि एक बारीक नायलॉनचा दोरा तिच्या तळव्याला, बोटांना, टाचेला टेकवत गेल्या. कळलं की हो म्हणायचं. श्यामला डोळे मिटून, शाळेत तोंडी परीक्षेला बसल्यासारखी, मन लावून वाट बघत होती. दोरा अंगठ्याला लागला, ती गप्प. टाचेला लागला, गप्प. आणि मग दोरा कुठेच लागलेला नसताना ती म्हणाली, "हो." सूर्यकांत खुर्चीत बसल्या बसल्या आक्रसले. डॉक्टरीण बाई हिंदीत समजावत होत्या, की अंकल, नसा गेल्या त्या गेल्या, आता उरलेल्या जपायच्या. घरातसुद्धा चप्पल. अनवाणी एक पाऊलही नाही. परत येताना रिंगरोडवर गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. ध्रुव स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, "बाबा, तुम्ही लक्ष ठेवायला हवं होतं ना. मी दिवसभर मीटिंगमध्ये असतो." तो वाईट मुलगा नव्हता, घाबरलेला होता. तिचं ते दोरा नसतानाचं "हो" सूर्यकांतांच्या कानातून जात नव्हतं.

गवताचं त्यांच्या डोक्यात कधी आलं हे त्यांना नेमकं सांगता आलं नसतं. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणालंच होतं, की पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चाललं की नसा जाग्या होतात, चष्म्याचा नंबर उतरतो, झोप लागते. असल्या गोष्टींना सूर्यकांत एरवी हसायचे. वीज मंडळात उभा जन्म गेलेला माणूस. तार तुटली की प्रवाह बंद, गवत घासून तो चालू होत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण माणूस अडला की त्याचं कळणं एकीकडे राहतं. डॉक्टरांनी अनवाणी नको म्हटलं ते जमिनीवर, ते स्वतःशी वाद घालत. गवत म्हणजे काय जमीन आहे? आणि ध्रुवचा फ्लॅट तळमजल्यावरचा. घेताना दलालाने 'प्रायव्हेट गार्डन' म्हणून भाव वाढवला होता. गार्डन म्हणजे स्वयंपाकघराच्या दारापासून अर्ध्यापर्यंत करड्या फरशा, आणि पुढे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत बिल्डरने पुरलेल्या विटांचे तुकडे, सिमेंटच्या खपल्या आणि त्यावर भुरभुरलेली लाल माती. त्या मातीकडे बघत बघत एका सकाळी त्यांनी शाल्मलीला सांगितलं, "मी इथे लॉन करतो." सून लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली, "वॉव बाबा, मस्त आयडिया. पण समरमध्ये कशाला? पाण्याचा किती इश्यू आहे." खरंच होतं. बोअरवेल खाली गेली होती, सोसायटी टँकरवर जगत होती, आणि लिफ्टच्या दारावर कमिटीने नळाचं पाणी बागेला घालाल तर खबरदार अशी नोटीस डकवली होती. पण सूर्यकांतांना थांबायला वेळ नव्हता. उरलेल्या नसा किती वाट बघतील हे कुणी सांगितलं नव्हतं.

के. आर. पुरमकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक रोपवाटिका होती. तिचे मालक प्रतापराव मराठीच निघाले. मराठी म्हणजे इथले, शहाजीराजांच्या वेळेपासूनचे; त्यांचं मराठी ऐकताना सूर्यकांतांना आपल्याच घरात कुणीतरी फर्निचर हलवून ठेवलंय असं वाटायचं. "या की अण्णा, बसा की. स्वल्प ताक घेता काय?" असं म्हणत प्रतापरावांनी त्यांना गवतांच्या गादीवजा तुकड्यांपुढे नेलं. हे मेक्सिकन, सगळे हेच नेतात, एकदम गालिचा. पण पाणी मागतं, आणि कापलं नाही तर माजतं. हे कोरियन, बारीक, मऊ, उंचवटे करतं दिसायला लई सुंदर, पण सावकाश, सून आल्यासारखं लाजत लाजत वाढतं. हे रुंद पानाचं बफेलो, सावलीतलं, उन्हात त्याचं काही खरं नाही. सूर्यकांत प्रत्येक तुकड्यावर हात फिरवत होते. तळहात. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी चप्पल काढली आणि मेक्सिकनवर पाय ठेवला. मऊ होतं. नुसतं मऊ. नको, ते मनाशी म्हणाले, मऊ तर तिला गादीही आहे. गवत जरा बोललं पाहिजे पायाशी, ओरखडलं पाहिजे, हूं म्हटलं की ऊं तरी म्हटलं पाहिजे. "उन्हाला न मरणारं काय आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. प्रतापराव खो खो हसले. "न मरणारं एकच अण्णा. गरिके. तुमी काय म्हणता, हरळी. पण ती कोण विकत घेतं? रस्त्याकडेला फुकट वाढते की! गणपतीला वाहायची ती." सूर्यकांत म्हणाले, "मला हरळीच पाहिजे." प्रतापरावांनी "सरी, सरी, होऊ दे" म्हणत गड्याला हाक मारली. गिऱ्हाईक वेडं असलं तरी गिऱ्हाईक असतं.

हरळी! वडिलांच्या कानावर हे गेलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे कपाळावर हात मारून घेतला असता. काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग होती आणि शाळेच्या सुट्ट्या म्हणजे सूर्यकांतांना हरळी खणणं. वडील पुढे, ते मागे. खुरप्याने नाही, बोटांनी. मुळी कुठे गेली ते बोटांना कळतं, खुरप्याला नाही. एक पांढरी गाठ मातीत राहिली तर पंधरवड्यात पुन्हा हिरवं. उपटून बांधावर फेकलेली हरळी उन्हात वाळून काडी व्हायची, आणि कुठून थेंबभर ओल मिळाली की त्या काडीला कोंब. वडील म्हणायचे, "माणूस मरेल, हरळी नाही मरायची." म्हणताना त्यांच्या आवाजात राग असायचा आणि खोल कुठेतरी कौतुकही. आता तीच बोटं, कातडी सैल झालेली, सांधे सुजलेले, हरळीच्या मुळ्या पेरभर तोडून लाल मातीत ओळीने खोचत होती. गड्याने विटांचे तुकडे काढून, माती भुसभुशीत करून, शेणखत आणि वाळू कालवून दिली होती. लावणीचं मात्र सूर्यकांतांनी कुणाला करू दिलं नाही. गुडघे कुरकुरत होते. श्यामला चपला घालून दारात स्टुलावर बसून बघत होती. "मामंजी पाहत असतील वरून," ती म्हणाली, "म्हणत असतील, पोराला एवढं शिकवलं ते काय तण लावायला?" सूर्यकांत हसले. हात मातीत घातल्यापासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. "ही आली ना वर, की तू चालायचं," ते म्हणाले, "डोळे मिटून. डोळे मिटले म्हणजे नीट कळतं." श्यामलाने मान डोलावली. एवढं सोपं असावं असं दोघांनाही फार वाटत होतं.

पाण्याचा कायदा त्यांनीच केला. डाळ-तांदळाचं धुणं, भाजीचं धुणं, फळं धुतलेलं, बाटलीत उरलेलं, पाहुण्याने अर्धवट सोडलेलं, सगळं मागच्या दाराशी बादलीत. "घरातला एक थेंब मोरीत जाता कामा नये," असं त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा ध्रुव म्हणाला, "बाबा, तुम्ही कमिटीचे प्रेसिडेंट व्हा." हरळीने मान राखला. सुरुवातीला सगळ्या काड्या पिवळ्या पडल्या, मेल्याच म्हणून सूर्यकांत रडकुंडीला आले, आणि मग एका सकाळी, लाल मातीतून, नखाएवढे कोंब. ते पालथे होऊन बघत राहिले. कोंबातून जमिनीलगत पळणारे धावरे निघाले, धावऱ्यांना गाठी, गाठींतून पुन्हा मुळं, आणि मधली माती हिरवी होत चालली. आणि संध्याकाळी श्यामलाच्या पायांचा शेक. कोमट पाण्यात मूठभर खडेमीठ टाकून पाय बुडवून बसायचं, ही तिच्या आईची रीत. डॉक्टरीण बाईंना विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. भाजल्याच्या दिवसापासून टबात पाणी सूर्यकांतच काढत. कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या बाळाचं पाणी बघावं तसं, मग मीठ टाकायचे, टब स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीशी ठेवायचे आणि फिरायला जायचे. संध्याकाळी पाय मोकळे करणं त्यांना चुकवून चालत नसे. जाताना वळून बघितलं, की श्यामला पायरीवर बसून पाय पाण्यात सोडून समोरच्या हिरव्या पट्ट्याकडे बघत असायची. सूर्यकांतांना वाटायचं, चाललंय, चाललंय काहीतरी.

फरशीला लागून असलेली कड मात्र धरेना. मधे हरळी बोटभर उंच झाली तरी तिथे पिवळं. मग तपकिरी. काडी ओढली की अख्खी हातात येई, मूळ कुजल्यासारखं. सूर्यकांतांनी फरशीच्या उन्हाला दोष दिला, गोणपाट अंथरून पाहिलं. प्रतापरावांना फोन केला, ते म्हणाले, हुमणी असणार अण्णा, मुळं खाते ती अळी. मग म्हणाले, पाणी कमी पडतंय. मग म्हणाले, पाणी जास्त होतंय. कडुनिंबाची पेंड घातली. ती जागा पसरतच गेली. रात्री अंथरुणात त्यांच्या डोळ्यांपुढे ती तपकिरी कड येई, आणि तिच्याशेजारी पांघरुणातून बाहेर आलेले श्यामलाचे पाय, अंगठ्यापासून वर, वर सरकत चाललेलं काहीतरी. डॉक्टरीण बाई म्हणाल्याच होत्या, हे बोटांपासून सुरू होतं आणि वर चढतं. ते मुकाट्याने पांघरूण तिच्या पायांवर ओढत. तिला ते कळत नसे.

मग एका संध्याकाळी फिरताना त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन, सोसायटीच्या रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळव्याला मोजत, ते निम्म्या वाटेवरून परत आले आणि बाजूच्या बोळातून सरळ मागच्या अंगणात शिरले. श्यामला पायरीवर होती. शेक झाला होता, पाय पुसून झाले होते. ती टबातून तांब्या भरत होती आणि पायरीवरून जेवढा हात पोचेल तेवढा लांबवून गवताच्या कडेला घालत होती. घाईने नाही. देवाला अभिषेक करताना धार तुटू देत नाहीत, तशी धार धरून. आणि बोलत होती. "पी बाप्पा, पी. तूच काऊन रुसून राहिला रे? बाकीचे पाहा कसे वाढले." सूर्यकांत बोळाच्या तोंडाशी थिजले. त्यांच्या हातातली चप्पल खाली पडली तरी त्यांनी उचलली नाही. संत्र्याच्या बागेतलं घर, पुढचं दगडी अंगण, दगडांच्या फटींतून वर येणारी हरळी, आणि वडील मुठीने खडेमीठ त्या फटींत भरतायत. "दुसऱ्या कशाला नाही ऐकत ही. मिठाला ऐकते." एवढं धडधडीत त्यांना ठाऊक होतं. गेले कितीतरी दिवस पेंड घातली, गोणपाट अंथरलं, फोन केले, आणि हे आठवलं नाही. मीठ ते स्वतःच टाकत होते, रोज, मुठीने. थेंब मोरीत जाता कामा नये हा हुकूमही त्यांचाच. श्यामला आत गेल्यावर ते कडेशी वाकले, ओल्या मातीला बोट लावलं आणि जिभेला. शंका उरली नव्हती, तरी लावलं.

सांगायचं किती सोपं होतं! अगं, ते पाणी नको घालत जाऊ, मिठाने मरतंय गवत. एक वाक्य. ते वाक्य घेऊन सूर्यकांत स्वयंपाकघरात गेले, पाणी प्याले आणि बाहेर आले. कारण त्या वाक्याच्या मागे आणखी एक वाक्य उभं होतं. लग्न होऊन श्यामला घरात आली त्या वर्षी विहिरीने तळ गाठला आणि अर्धी बाग वाळली. सूर्यकांतांची आई एकदाच, एकदाच, चुलीशी बसून म्हणाली होती, "पांढऱ्या पायाची आली." नंतर म्हातारीचं सगळं अंथरुणात श्यामलानेच केलं, आणि म्हातारी जाताना तिचा हात सोडत नव्हती, पण ते दोन शब्द बोलले गेले होते आणि श्यामलाने ते ऐकले होते. पुढे कुठे काही बिनसलं, ध्रुवचा पहिला नंबर हुकला, घराचं काम अडलं, की हसत हसत म्हणायची, "माझे पायच तसे." हसत हसत म्हणायची, म्हणून सूर्यकांतही हसायचे. आता तिला सांगायचं, की तुझे पाय बुडवलेलं पाणी जिथे पडतं तिथे हरळीसुद्धा मरते? जी कशाने मरत नाही ती? मीठ-बीठ तिच्या कानापर्यंत पोचणारच नाही. ती मान डोलावेल, "हो का," म्हणेल, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दारात बसणार नाही. इथे येऊन तिच्याकडे राहिलं होतं काय? स्वयंपाकाला बाई येते. कुरडया बंद झाल्या. दुपारी अंगणात जायचं नाही, अनवाणी फिरायचं नाही, विळीवर बसायचं नाही. संध्याकाळचा तो तांब्याच तेवढा तिचा होता. सूर्यकांत हॉलमध्ये येऊन बसले. टीव्ही चालू होता. श्यामलाने विचारलं, "आज लवकर आले?" ते म्हणाले, "चप्पल तुटली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टबात पाणी काढलं, कोपर बुडवलं, बरणी उघडली, बंद केली आणि मीठ टाकलं नाही. तिला तर कळणार नव्हतं. खारं काय, गोडं काय, तिच्या पायांना सगळं सारखंच. हेच बरं व्हावं म्हणून तर ते धडपडत होते आणि त्याचाच आता आडोसा घेत होते. एकीकडे वाटायचं, मिठाने काय होणार होतं, डॉक्टरांनी तर सांगितलंय. दुसरीकडे वाटायचं, होणारच असेल तर? तिच्या आईची रीत खरी असेल तर? आपण गवतासाठी हिचं औषध काढून घेतलं. मग स्वतःलाच म्हणायचे, गवतही तिच्यासाठीच. पण मीठ तिचं होतं आणि गवत त्यांचं, हे त्यांना कुठेतरी दिसत होतं, आणि दिसलं की ते त्याच्याकडे पाठ करायचे. पहाटे, ती उठायच्या आत, ते कडेची मेलेली माती थोडी थोडी काढून कुंड्यांमागे टाकत आणि मधल्या हरळीचे धावरे तिथे खोचत. काही धरले, काही नाही. संध्याकाळी श्यामलाचा तांब्या चालूच होता.

आणि एका रविवारी, सगळे जेवायला बसलेले असताना, श्यामला म्हणाली, "एक सांगू? हल्ली बरं वाटून राहिलं पायांना. मिठाचा गुण येऊन राहिला." ध्रुवचा घास हातातच राहिला. "म्हणजे? कळतंय आई तुला?" "मुंग्या येतात, चिमटा घेतल्यासारखं होतं अंगठ्याला. जराजरा." शाल्मलीने उठून सासूच्या गळ्यात हात टाकले. "वॉव आई! पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सांगायलाच हवं." ध्रुवचे डोळे भरले होते, त्याने ते लपवायला वरण वाढून घेतलं. तिघंही सूर्यकांतांकडे बघायला लागली, की बाबा बोलत का नाहीत. सूर्यकांतांनी ताटातली मिरची उचलली आणि खाऊन टाकली, म्हणजे डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण झालं. खरंच कळत होतं तिला? मीठ बंद केल्यावर? का दवाखान्यात दोरा नसताना "हो" म्हणाली, तसं हे "हो"? तेव्हा कुणासाठी म्हणाली होती? डॉक्टरीण बाईंना बरं वाटावं म्हणून, का खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला? हे विचारायचं तर मिठाचं सांगायला हवं, मिठाचं सांगायचं तर गवताचं, आणि गवताचं सांगायचं तर ते दोन शब्द. सगळ्या दारांना त्यांनी स्वतःच्या हाताने कड्या घातल्या होत्या. "छान झालं," ते म्हणाले. "फार छान झालं." श्यामला त्यांच्याकडे बघून हसली. म्हणाली, "मग आज चालू का तुमच्या हरळीवर?"

नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. ध्रुव आणि शाल्मली संध्याकाळी महादेवपुऱ्याला कुणाच्या तरी वाढदिवसाला गेली. डॉक्टरांचं मोडून आईला अनवाणी चालवायचं, ते मुलांदेखत नको, असं दोघांनीही न बोलता ठरवलं असावं. ऊन भिंतीपलीकडे गेलं होतं. सूर्यकांत पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्यावरच्या खडेमिठाच्या बरणीवर त्यांचा हात लागला. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. ते तिच्याकडे बघत राहिले. ही बरणी श्यामलाच भरायची. शेक सुरू झाल्यापासून मीठ किती लागतं म्हणून कुरकुरत दर आठवड्याला भरायची. मीठ टाकायचं बंद केल्यावर ती रिकामी झालीच नाही. उभा जन्म डब्यांच्या तळाकडे बघून संसार केलेल्या बाईला ते दिसलं नसेल? दिसलं असेल, तर तिने काय समजून घेतलं? आणि समजून घेतलं असेल, तर त्यानंतरही ती रोज तांब्याने पाणी घालत होती, आणि आज सगळ्यांदेखत मिठाचा गुण येतोय म्हणाली. सूर्यकांतांना एकदम खूप दमल्यासारखं वाटलं. बाहेरून हाक आली, "अहो, येता ना?" त्यांनी बरणी होती तिथे नीट सरकवून ठेवली.

श्यामलाने चपला पायरीवर जोडून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवाव्या तशा. फोडांची कातडी गळून तळवे गुलाबी झाले होते. सूर्यकांतांनीही चपला काढल्या. दिवसभर तापलेली फरशी आता भाजत नव्हती, पण तिची ऊब तळव्यांतून वर येत होती. त्यांनी तिचा हात धरला. "डोळे मिट," ते म्हणाले. तिने लगेच मिटले. एक पाऊल, सरकवत, चाचपत. दुसरं. तिला आपलं पाऊल कुठे पडतंय हे कळत नव्हतं, म्हणून ती ते उचलायचीच नाही फारसं. तिला वाटायचं खूप चालले, आणि वीतभरच जायची. सूर्यकांत तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावर आठी, ओठ किंचित उघडे, ती सगळी कुठेतरी खाली, पायांपाशी जाऊन ऐकत होती. मग ती थांबली. तिची आठी उलगडली.

"आलं," ती म्हणाली. "गार लागून राहिलं हो."

सूर्यकांतांनी खाली पाहिलं. तिची दोन्ही पावलं फरशीवर होती. अंगठ्यांपुढे करडी कड, तिच्यापलीकडे पुन्हा लावलेले धावरे, आणि मग हिरवी, दाट, कुणाचंही पाऊल न पडलेली हरळी, वाऱ्याने जरा हललेली. ते तिच्याशेजारी त्याच फरशीवर उभे होते आणि त्यांच्या तळव्यांना ऊब लागत होती.

"गार आहे ना हो?" तिने डोळे न उघडता विचारलं. "तुम्हाला पण लागतंय ना?"

"हो," ते म्हणाले. "गार आहे. थोडं पुढे येतेस?"

"नको," श्यामला म्हणाली आणि त्यांचा हात घट्ट धरला. "इथंच बरं वाटून राहिलं. राहू थोडा वेळ."

सूर्यकांत तिच्याशेजारी उभे राहिले.